कंडिशन व्हेरिएबलमध्ये कंडिशन नसते

प्रोग्रॅमचं सगळं काम झालेलं होतं. फाइली वाचून झाल्या, निकाल लिहून झाला, लॉगमध्ये शेवटची ओळही उमटली. तरी प्रोसेस मरायचं नाव घेत नव्हती. बरं, हे रोज व्हायचं नाही. पंधरवड्यातून एखाद्या रात्री. डिबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन) जोडून पाहिलं तर चारपैकी तीन वर्कर थ्रेड व्यवस्थित संपलेले, आणि चौथा 'वेट'च्या ओळीवर शांत झोपलेला. कोड मीच लिहिलेला होता. दहा वेळा वाचला, चूक दिसेना. ती चूक पुढे येईलच, पण ती कळायला आधी दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वाटा म्हणजे थ्रेड. प्रत्येकाचा स्टॅक (चालू फंक्शनची तात्पुरती माहिती ठेवायची जागा) वेगळा, बाकीची मेमरी सगळ्यांची सामायिक. सोय तीच आणि डोकेदुखीही तीच. एकाने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं, पण अर्धवट लिहिलेलंही वाचता येतं.

नेहमीचं उदाहरण मोजणीचं. 'मोजणी = मोजणी + 1' ही दिसायला एक ओळ, पण प्रोसेसरच्या लेखी ती तीन कामं असतात: मेमरीतून आकडा उचलायचा, त्यात एक मिळवायचा, परत ठेवायचा. समजा दोन थ्रेड हीच ओळ प्रत्येकी 1,00,000 वेळा चालवतात. शेवटी 2,00,000 यायला हवेत. येतात कमी, आणि दर वेळी वेगळे. पण कमी म्हणजे किती कमी येऊ शकतात? बहुतेकांचा अंदाज एक लाखापाशी थांबतो. खरं उत्तर आहे 2.

विश्वास बसत नसेल तर असं पाहा. पहिला थ्रेड 0 उचलतो आणि तिथेच ऑपरेटिंग सिस्टिम त्याला बाजूला करते. दुसरा तोवर आपल्या 99,999 फेऱ्या पुऱ्या करतो. मग पहिला जागा होतो, हातातल्या शून्यात एक मिळवून 1 ठेवतो. आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. आता दुसरा आपल्या शेवटच्या फेरीसाठी तो 1 उचलतो आणि थांबवला जातो. पहिला आपल्या उरलेल्या सगळ्या फेऱ्या संपवतो, आकडा 1,00,000 होतो. शेवटी दुसरा जागा होतो, हातातल्या एकात एक मिळवतो आणि 2 लिहून निघून जातो. प्रत्यक्षात इतका वाईट योग जुळणं जवळपास अशक्य. पण प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे ठरवताना 'जवळपास'ला किंमत नसते. यालाच रेस कंडिशन म्हणतात: निकाल कोण आधी पोचतो त्यावर अवलंबून.

यावरचा उपाय म्हणजे लॉक, ज्याला म्युटेक्सही म्हणतात. एका वेळी एकाच थ्रेडकडे ते असू शकतं. ते हातात घेऊन आकडा वाढवायचा आणि मग सोडायचं. दरम्यान दुसरा आला तर तो लॉक सुटेपर्यंत थांबतो. हा 'एका वेळी एकच' प्रश्न संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1965 मध्ये नेमका मांडला आणि सोडवूनही दाखवला.

लॉकबद्दल एक गैरसमज मला वारंवार दिसतो. लॉक डेटाचं रक्षण करतं असं आपण म्हणतो, पण लॉकला डेटा माहीतच नसतो. तो निव्वळ आपापसातला करार आहे: हा डेटा जो कोणी हाताळेल त्याने आधी हे लॉक घ्यायचं. नऊ जणांनी करार पाळला आणि दहाव्याने 'मी फक्त वाचतोय, मला कशाला लॉक' म्हणून थेट हात घातला, तर त्या नऊ जणांचं पाळणंही वाया जातं. शिवाय लॉकमुळे आणखी एक गोष्ट मिळते, जी सहसा कुणी सांगत नाही. कंपायलर आणि प्रोसेसर दोघेही वेग वाढवण्यासाठी सूचनांचा क्रम पुढेमागे करतात. लॉक सोडण्याआधी एकाने जे लिहिलं, ते तेच लॉक नंतर घेणाऱ्याला पूर्णपणे दिसेल, ही हमी लॉकमुळेच मिळते. लॉक न घेता 'फक्त वाचणाऱ्या'ला ती हमी नसते.

पायथॉनवाल्यांसाठी जाता जाता: तिथे ग्लोबल इंटरप्रिटर लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉनचा कोड चालवू देणारं लॉक) आहे म्हणून आपल्याला लॉक लागत नाही, हा समज चुकीचा आहे. ते लॉक इंटरप्रिटरच्या आतल्या गोष्टी सांभाळतं. तुमचं वाचणं आणि लिहिणं यांच्या मधे थ्रेड बदलणार नाही, असं वचन ते देत नाही.

आता खरा विषय. लॉकने 'दोघं एकदम नकोत' एवढंच साधतं. पण बऱ्याचदा आपल्याला म्हणायचं असतं, 'अमुक होईपर्यंत थांब'. समजा कामांची एक रांग आहे: कुणी थ्रेड तिच्यात काम टाकतो, वर्कर थ्रेड ते काढून करतो. रांगेत काम येईपर्यंत वर्करने थांबायचं. हे कसं करायचं?

पहिला विचार सुचतो तो लूपचा: लॉक घे, रांग पाहा, रिकामी असेल तर लॉक सोड, पुन्हा घे, पुन्हा पाहा. चालतं, पण एक अख्खा कोअर 'आलं का? आलं का?' विचारण्यात जळतो. मग आपण शहाणे होतो आणि मधे दहा मिलिसेकंदांची झोप टाकतो. आता सीपीयू वाचतो, पण काम येऊन पडल्यावर सरासरी पाच मिलिसेकंद उगाच जातात, आणि कामच नसेल तेव्हाही थ्रेड सेकंदाला शंभरदा उठतो. झोप कमी केली तर सीपीयू जातो, वाढवली तर वेळ जातो. बरोबर आकडा कोणता? कोणताच नाही. कोडमध्ये अशी झोप दिसली की मी समजतो, इथे कंडिशन व्हेरिएबल हवं होतं.

कंडिशन व्हेरिएबल म्हणजे थ्रेडला झोपवून ठेवायची आणि दुसऱ्या थ्रेडने त्याला उठवायची सोय. त्यावर तीन क्रिया होतात. वेट म्हणजे झोप. सिग्नल म्हणजे झोपलेल्यांपैकी एकाला उठव. ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांना उठव. (जावामध्ये सिग्नल आणि ब्रॉडकास्टला नोटिफाय आणि नोटिफायऑल म्हणतात, सी प्लस प्लसमध्ये नोटिफाय वन आणि नोटिफाय ऑल. काम तेच.) कामांची रांग अशी लिहितात:

काम_टाक(क):
    लॉक घे
    क रांगेत जोड
    सिग्नल दे
    लॉक सोड

काम_काढ():
    लॉक घे
    जोपर्यंत रांग रिकामी आहे:
        वेट कर
    क = रांगेतलं पहिलं काम, काढून घे
    लॉक सोड
    क परत दे

बघताक्षणी एक शंका यायला हवी. काढणारा लॉक हातात धरून झोपला, तर टाकणारा लॉक घेणार कसा? म्हणूनच वेटला कंडिशन व्हेरिएबलसोबत लॉकही द्यावं लागतं. वेट आत लॉक सोडतो, थ्रेडला झोपवतो, आणि उठल्यावर लॉक पुन्हा मिळवूनच परत येतो. यातलं सोडणं आणि झोपणं हे एकसंध असतं: त्या दोहोंच्या फटीत कुणाचा सिग्नल निसटू शकत नाही. सगळी जादू म्हणाल तर एवढीच.

आता नावाकडे या. कंडिशन व्हेरिएबल असं नाव वाचलं की वाटतं, याच्या आत कुठेतरी कंडिशन साठवलेली असेल. 'रांगेत काम आहे' असं काहीतरी. नसते. आत असते ती झोपलेल्या थ्रेडची यादी, बस्स. खरी अट तुमच्या डेटात असते, म्हणजे रांग रिकामी आहे की नाही यात. सिग्नल दिला तेव्हा कुणी झोपलेलं नसेल, तर तो सिग्नल हवेत विरतो. त्याची कुठेही नोंद राहत नाही. इथेच ते डायक्स्ट्रांच्या सेमाफोरपेक्षा वेगळं पडतं. सेमाफोरच्या पोटात आकडा असतो; आधी वाढवून ठेवला तर नंतर येणाऱ्याला तो मिळतो. सेमाफोरला आठवण आहे, कंडिशन व्हेरिएबलला नाही. मला विचाराल तर या विषयातले निम्मे नियम या एका वाक्यातून निघतात.

माझी ती रात्रीची चूकही त्यातूनच निघाली. वर्कर थांबताना दोन गोष्टी बघत होता: 'जोपर्यंत रांग रिकामी आहे आणि बंद नाही: वेट कर'. काम संपल्यावर मुख्य थ्रेड असं करायचा:

बंद = खरं
ब्रॉडकास्ट कर

'बंद' हे व्हेरिएबल मी ॲटॉमिक ठेवलं होतं. म्हणजे त्याचं वाचणं-लिहिणं स्वतःपुरतं सुरक्षित. मग लॉक कशाला, असा माझा हिशोब. आता क्षणाक्षणाने पाहा. वर्करने लॉक घेतलं. रांग रिकामी आहे हे पाहिलं. 'बंद' पाहिलं, खोटं होतं. आता तो वेटमध्ये शिरणार, पण अजून शिरलेला नाही. नेमका याच क्षणी मुख्य थ्रेड येतो. त्याला लॉक लागतच नाही, त्यामुळे त्याला अडवणारं कुणी नाही. तो 'बंद' खरं करतो आणि ब्रॉडकास्ट करतो. यादीत झोपलेलं कुणी नाही, हाक विरली. त्यानंतर वर्कर वेटमध्ये शिरतो आणि झोपतो. आता त्याला उठवायला कुणीही येणार नाही. अट खरी झालेली आहे, पण ती पुन्हा पाहायला तो जागाच नाही.

ती फट काही नॅनोसेकंदांची, म्हणून पंधरवड्यातून एकदा. दुरुस्ती दोन ओळींची: 'बंद' बदलण्याआधी लॉक घ्यायचं, बदलल्यावर सोडायचं. का चालतं ते सरळ आहे. वर्कर 'अट पाहिली' पासून 'झोपला' पर्यंत लॉक धरून असतो. मुख्य थ्रेडलाही तेच लॉक लागत असेल तर तो या दोहोंच्या मधे घुसूच शकत नाही. एक तर तो आधी येईल आणि वर्करला 'बंद' खरं दिसेल, किंवा वर्कर झोपल्यानंतर येईल आणि ब्रॉडकास्ट त्याला गाठेल. ब्रॉडकास्ट लॉक सोडल्यावर केला तरी चालतो; अटीत येणारा डेटा मात्र लॉकमध्येच बदलायचा, मग तो ॲटॉमिक असो वा नसो. या प्रकाराला हरवलेली हाक म्हणतात, इंग्रजीत लॉस्ट वेकअप.

'जर' की 'जोपर्यंत'

वरच्या कोडमध्ये वेटभोवती 'जोपर्यंत' आहे, 'जर' नाही. नवखा माणूस हमखास 'जर' लिहितो. मीही लिहायचो. रांग रिकामी असेल तर झोप, उठवलं की काम आलेलंच असणार, मग पुन्हा कशाला पाहायचं?

दोन काढणारे घ्या, अ आणि ब. अ झोपलेला आहे. टाकणारा येतो, एक काम रांगेत टाकतो, सिग्नल देतो, लॉक सोडतो. अ जागा झाला, पण वेटमधून बाहेर पडायला त्याला लॉक परत हवं. तेवढ्यात ब, जो झोपलेलाच नव्हता, दुसरीकडून धावत येतो आणि लॉक पटकावतो. त्याला रांगेत काम दिसतं, तो ते उचलून जातो. आता अ ला लॉक मिळतं. 'जर' लिहिलं असेल तर तो थेट पुढे जातो आणि रिकाम्या रांगेतून काम काढतो. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळतो. वाईट असेल तर बरंच पुढे, भलत्याच ठिकाणी. 'जोपर्यंत' असेल तर अ पुन्हा पाहतो, रांग रिकामी दिसते, मुकाट्याने झोपतो.

गंमत म्हणजे मूळ कल्पनेत 'जर' पुरत होतं. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी 1974 मध्ये मॉनिटरवर (डेटा आणि त्याचं लॉक एकत्र बांधणारी रचना) जो लेख लिहिला, त्यात सिग्नल देणारा तिथेच थांबतो आणि मॉनिटरचा ताबा थेट उठणाऱ्याच्या हातात जातो. मधे कुणी घुसायची सोयच नाही, त्यामुळे उठल्यावर अट खरी असणारच. सिद्धतेला हे सुंदर, राबवायला जड. झेरॉक्समध्ये मेसा ही भाषा घडवताना वेगळी वाट धरली गेली. तो अनुभव बटलर लॅम्पसन आणि डेव्हिड रेडेल यांनी 1980 मध्ये लिहून ठेवला: सिग्नल देणारा आपलं काम पुढे चालू ठेवतो, आणि सिग्नल म्हणजे फक्त सूचना की 'जरा बघ, कदाचित बदललं असेल'. पॉझिक्स थ्रेड (युनिक्ससारख्या सिस्टिमवरचं थ्रेडचं प्रमाण), जावा, सी प्लस प्लस सगळ्यांनी मेसाचाच मार्ग घेतला. पाठ्यपुस्तकांत दोन्ही भेटतात, म्हणून विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. तुम्ही आज जे वापरताय ते मेसाच्या वळणाचं आहे, असं धरून चाला.

त्यावर कडी म्हणजे, पॉझिक्स आणि जावा दोन्हींच्या नियमांत असंही लिहिलंय की थ्रेड कुणीही न उठवता उठू शकतो. ऐकायला भुताटकी वाटते. पण तुम्ही 'जोपर्यंत' लिहीत असाल तर तुमचं काहीच बिघडत नाही. सी प्लस प्लसमध्ये वेटला अटच फंक्शन म्हणून देता येते आणि 'जोपर्यंत' तो स्वतः फिरवतो. मी तेच रूप वापरतो. विसरायला जागाच राहत नाही.

सिग्नल की ब्रॉडकास्ट, यात मात्र खरा सापळा आहे. रांगेत एकच जागा आहे असं धरा, टाकणारे ट1 आणि ट2, काढणारे क1 आणि क2, आणि सगळ्यांसाठी मिळून एकच कंडिशन व्हेरिएबल. रांग रिकामी, म्हणून क1 आणि क2 झोपलेत. ट1 काम टाकतो, सिग्नल देतो, क1 उठायला लागतो. त्याला लॉक मिळायच्या आत ट2 येतो, रांग भरलेली दिसते, झोपतो. ट1 पुन्हा येतो, तोही झोपतो. आता क1 ला लॉक मिळतं, तो काम काढतो आणि सिग्नल देतो. झोपलेल्यांत क2, ट2, ट1 आहेत. सिग्नल कुणाला मिळेल याची शाश्वती नाही. समजा क2 ला मिळाला. क2 पाहतो, रांग रिकामी, परत झोपतो. क1 पुढच्या कामासाठी येतो, रिकामी, झोपतो. चौघंही झोपले. रांगेत जागा आहे, टाकणारे तयार आहेत, आणि प्रोग्रॅम ठप्प. प्रत्येकाने 'जोपर्यंत' लिहिलेलं असूनही.

चूक अशी की दोन वेगळ्या अटींची वाट पाहणारे एकाच यादीत झोपले आणि हाक भलत्याला गेली. उपाय दोन. ब्रॉडकास्ट करा: सगळे उठतील, ज्याची अट खरी तो पुढे जाईल, बाकीचे झोपतील. बरोबर आहे, पण शंभर थ्रेड असतील तर एकासाठी शंभर उठतात. दुसरा उपाय म्हणजे एका लॉकवर दोन कंडिशन व्हेरिएबल: एक 'रिकामी नाही' या अटीसाठी, एक 'भरलेली नाही' यासाठी. जावात सुरुवातीला प्रत्येक ऑब्जेक्टला अशी एकच यादी होती, म्हणून जुन्या जावा कोडमध्ये नोटिफायऑलचा सुकाळ दिसतो. 2004 मध्ये जावा 5 आलं, तेव्हा एका लॉकवर अनेक कंडिशन बांधायची सोय झाली. माझा ठोकताळा: शंका असेल तिथे ब्रॉडकास्ट. त्याने फार तर वेग कमी होतो. चुकीच्या सिग्नलने प्रोग्रॅमच थांबतो.

डेडलॉकवर स्वतंत्र लिहावं लागेल, इथे कामापुरतं. दोन लॉक, दोन थ्रेड. एकाने पहिलं धरून दुसरं मागितलं, दुसऱ्याने दुसरं धरून पहिलं मागितलं, की दोघं कायमचे अडकले. सगळ्यांनी लॉक एकाच ठरलेल्या क्रमाने घेतली तर हे चक्र बनतच नाही. कंडिशन व्हेरिएबलच्या संदर्भात याचं एक रूप फसवं आहे: वेट फक्त त्याला दिलेलं लॉक सोडतो. तुम्ही बाहेर आणखी एखादं लॉक धरून वेटमध्ये गेलात तर ते तसंच हातात राहतं, आणि उठवणाऱ्याला नेमकं तेच हवं असेल तर खेळ खलास. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, ते तिसऱ्याला, आणि वेट तिसऱ्याच्या पोटात असतो. वाचताना हे डोळ्यांना दिसतच नाही.

थांबणं कुणाच्या वाट्याला येतं, यावरूनही घोटाळे होतात. 4 जुलै 1997 ला मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाचा डेटा गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या टास्ककडे म्युटेक्स होतं, वरच्या प्राधान्याचं टास्क त्याच म्युटेक्ससाठी थांबलेलं, आणि मधल्या प्राधान्याची टास्क त्या कमी प्राधान्यवाल्याला चालूच देत नव्हती. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही की संगणक स्वतःला रीसेट करायचा. अभियंत्यांनी पृथ्वीवर तोच प्रकार घडवून पाहिला. म्युटेक्समध्ये एक सोय बंद ठेवलेली होती, ती त्यांनी मंगळावरच्या संगणकात सुरू केली: लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं थांबलेल्याचं प्राधान्य मिळतं.

राहता राहिली वेळेची मर्यादा असलेली वेट: इतका वेळ थांब, नाहीतर परत ये. नेटवर्कच्या कामात ती लागतेच. वापरताना शेवटची वेळ आधीच ठरवून ठेवावी, कारण मधेच उठून पुन्हा झोपताना दर वेळी नव्याने पाच सेकंद मोजले तर पाचाचे पन्नास होतात. घड्याळही मागे न जाणारं निवडावं. भिंतीवरचं घड्याळ कुणी दुरुस्त केलं की हिशोब चुकतो.

माझ्या त्या अडकणाऱ्या प्रोग्रॅमवर मी पहिला इलाज हाच केला होता, खरं कारण कळायच्या आधी. वेटला एक सेकंदाची मर्यादा घातली. अडकणं बंद झालं, सगळे खूश. फक्त एखाद्या रात्री प्रोग्रॅम बंद व्हायला जवळपास एक सेकंद जास्त घ्यायचा. महिनाभराने लॉगमधल्या वेळा चाळताना तो एक सेकंद खटकला, म्हणून पुन्हा कोड उघडला, आणि तेव्हा कुठे 'बंद'वाली ओळ लॉकच्या बाहेर असल्याचं दिसलं. ती आत घेतली आणि मर्यादा काढून टाकली.